व्हायरस : द्रवाचा कण झाला त्याची गोष्ट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. कुत्रा चावल्यावर काय करावे हे सांगताना तो म्हणतो की, कुत्रा पिसाळलेला असेल तर जखमेवर तुंबडी लावून त्याचा 'व्हिरुस' ओढून काढावा. आज हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, कारण रेबीज खरोखरच व्हायरसमुळे होतो. सेल्ससला मात्र त्यातले काहीही म्हणायचे नव्हते. लॅटिनमध्ये व्हिरुस म्हणजे विष. सापाचे गरळ, वनस्पतीचा जहाल रस, बुळबुळीत स्राव, नकोसा दर्प, या सगळ्याला तो एकच शब्द चाले.

संस्कृतातला 'विष' आणि लॅटिनमधला 'व्हिरुस' हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. ग्रीकमधला विषवाचक 'इओस' हाही त्याच कुळातला. म्हणजे मराठीत 'विषाणू' हा शब्द रुळला तेव्हा व्हायरसच्या जागी त्याचाच जुना भाऊबंद येऊन बसला.

या लॅटिन शब्दाचे एक वैशिष्ट्य पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. तो मोजता येत नसे. दूध, तेल, पाणी यांचे जसे आपण अनेकवचन करत नाही, तसे अभिजात लॅटिनमध्ये व्हिरुसचे अनेकवचन सापडत नाही. व्हिरुस वाहतो, झिरपतो, पसरतो. पण 'एक व्हिरुस, दोन व्हिरुस' असे होत नाही. आज आपण 'एक विषाणू', 'लाखो विषाणू' असे सहज म्हणतो. द्रवाचा कण व्हायला या शब्दाला जवळपास दोन हजार वर्षे लागली, आणि शेवटचा टप्पा तर अगदी अलीकडचा, गेल्या शतकातला आहे.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाच्या भाषांतरांतून शिरला. अर्थ होता जखमेतून वाहणारा पू. अठराव्या शतकापर्यंत त्याला नवे वळण मिळाले होते : एकाकडून दुसऱ्याकडे रोग नेणारा पदार्थ. गुप्तरोगांच्या संदर्भात तो विशेष वापरला जाई. एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये देवीच्या लसीवरची आपली पुस्तिका छापली, तीत गायीच्या देवीच्या फोडातल्या द्रवाला त्याने 'व्हायरस' म्हटले आहे. जेन्नरचा हा व्हायरस म्हणजे आपली 'लस'. मराठीतही लस म्हणजे आधी जखमेतून येणारे पाणी. टोचण्याची लस त्यावरूनच आली. हा द्रव दंडावरून दंडावर टोचत इराकमार्गे मुंबईला पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. आज ज्या शब्दाने धडकी भरते, तो त्या काळच्या डॉक्टरांच्या तोंडी रोगापासून वाचवणाऱ्या द्रवासाठीही होता.

लुई पाश्चरच्या काळात अर्थ आणखी फैलावला. रोग पसरवणारा कोणताही सूक्ष्मजीव म्हणजे व्हायरस. कोंबड्यांचा कॉलरा जिवाणूंमुळे होतो, पण त्याच्या कारकालाही पाश्चर व्हायरसच म्हणे. रेबीजच्या बाबतीत मात्र त्याची पंचाईत झाली. जुलै १८८५ मध्ये त्याने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर लस टोचली, मुलगा वाचला, पण रोगाचा जंतू त्याला सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसला नाही.

इथून पुढचा भाग मला या कथेतला सर्वांत देखणा वाटतो, आणि त्याचा नायक आहे एक गाळणी. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८८४ मध्ये झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळकांड्यासारखी गाळणी तयार केली. तिची छिद्रे इतकी बारीक की जिवाणू अडकून पडत आणि खाली येणारे पाणी निर्जंतुक असे. पुढे तंबाखूच्या पिकावर येणाऱ्या एका रोगाचा अभ्यास सुरू झाला. त्यात पानांवर फिकट-गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटते. रशियात दिमित्री इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये रोगट पानांचा रस या गाळणीतून काढला, आणि गाळलेल्या रसानेही निरोगी रोपे आजारी पडली. इव्हानोव्स्कीला वाटले, एकतर गाळणीत दोष असावा किंवा जिवाणूंनी सोडलेले विष खाली उतरले असावे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या मार्टिनुस बायेरिंकने १८९८ मध्ये हाच प्रयोग पुढे नेला. गाळलेल्या रसाने आजारी पडलेल्या रोपाचा रस त्याने दुसऱ्या रोपाला टोचला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. नुसते विष असते तर प्रत्येक पायरीला ते पातळ होत गेले असते. तसे झाले नाही. शेवटचे रोपही पहिल्याइतकेच आजारी पडले. म्हणजे जे काही गाळणीतून उतरत होते, ते रोपात वाढत होते. नुसत्या रसात मात्र ते वाढत नव्हते. त्याला जिवंत, वाढत्या पेशीच लागत. अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट पदार्थाच्या, थरावर रस ठेवला तर ते हळूहळू आत मुरत असे. बायेरिंकने निष्कर्ष काढला की हा 'जिवंत संसर्गी द्रव' आहे, आणि त्यासाठी जुनाच शब्द उचलला : व्हायरस. निरीक्षणे अचूक होती, शब्द टिकला, फक्त 'द्रव' हा निष्कर्ष चुकला.

त्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांना गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा कारक असाच गाळणीपार जाणारा आढळला. पण त्यांचे मत होते की हा द्रव नसून अतिशय लहान कण आहे. 'द्रव की कण' हा वाद पुढची चाळीसेक वर्षे रेंगाळला. तोवर 'गाळणीपार व्हायरस' असे जोडनाव वापरात होते. गंमत अशी की या नावात तो काय आहे हे कुठेच नाही, काय नाही तेवढेच आहे : गाळणीत अडकत नाही, दिसत नाही, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. हळूहळू 'गाळणीपार' हे विशेषण गळून पडले आणि नुसता 'व्हायरस' उरला. जिवाणूंना त्या नावाने हाक मारणे तेव्हाच बंद झाले.

वेंडेल स्टॅन्लीने १९३५ मध्ये तंबाखूच्या या व्हायरसचे स्फटिक मिळवले. मिठासारखे स्फटिक होणारी वस्तू रोपात गेली की वाढते, हे ऐकून जीवशास्त्रज्ञ हादरले. लगेच पुढे बॉडेन आणि पिरी यांनी दाखवले की त्यात प्रथिनाबरोबर आरएनए हे आनुवंशिक द्रव्यही आहे. मग १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र मिळाले : सरळसोट काड्या, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड. एका मिलिमीटरमध्ये तीन हजारांहून जास्त काड्या टोकाला टोक लावून मावतील. वाद मिटला. व्हायरस मोजता येऊ लागला.

ही मोजदाद आपल्याकडेही लवकरच सुरू झाली. पुण्यात १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. कर्नाटकातल्या शिमोगा भागात १९५७ मध्ये जंगलातली माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणू लागली, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा व्हायरस वेगळा काढला. क्यासनूर जंगलाच्या नावाने तो जगभर ओळखला जातो. गोचिडींमार्फत पसरणारा तोच रोग आज सिंधुदुर्गात 'माकडताप' म्हणून लोकांना ठाऊक आहे.

शब्दाने नंतर जीवशास्त्राची हद्दही ओलांडली. फ्रेड कोहेनने १९८४ मध्ये स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवणाऱ्या प्रोग्रॅमवर निबंध सादर केला आणि त्याला 'कॉम्प्युटर व्हायरस' म्हटले. हे नाव त्याच्या मार्गदर्शकाने, लेनर्ड एडलमन यांनी, सुचवले होते. इथे विषाचा मागमूस नाही. उरली ती फक्त दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून आपल्या प्रती काढण्याची रीत. 'व्हायरल' व्हिडिओत तर अपायही उरला नाही, नुसता फैलाव राहिला. दवाखान्यात ऐकू येणारे 'व्हायरल आहे' हे मात्र अजून मूळ वैद्यकीय अर्थाला धरून आहे, आणि ते नीट ऐकायला हवे : ताप खरोखर व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही, ती औषधे जिवाणूंसाठी असतात. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खाणाऱ्यांची संख्या पाहिली की वाटते, पाश्चरच्या काळातला घोळ आपल्या घरात अजून शिल्लक आहे.

आणि गाळणीची कसोटी? तीही टिकली नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात १९९२ मध्ये न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबांमध्ये काहीतरी गोलसर सापडले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते, जिवाणूंसारखा रंगही घेत होते, म्हणून त्याला जिवाणू समजून बाजूला ठेवले गेले. ते व्हायरस असल्याचे फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये जाहीर केले आणि नाव दिले मिमिव्हायरस, म्हणजे सूक्ष्मजीवाची नक्कल करणारा. जिवाणू अडवणाऱ्या नेहमीच्या गाळणीत तो अडकतो. इव्हानोव्स्कीच्या पद्धतीने शोधला असता तर तो व्हायरस म्हणून कधीच हाती लागला नसता. तरीही तो व्हायरसच, कारण प्रथिने बनवणारी यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, त्याच्याकडे नाहीत. त्यासाठी अमिबाच्या पेशीतच शिरावे लागते. पुढे २००८ मध्ये त्याच्याच एका भल्यामोठ्या भाईबंदाच्या सोबतीने अमिबात वाढणारा आणि त्याचीच वाढ खुंटवणारा एक चिमुकला व्हायरस सापडला. व्हायरसलाच आजारी पाडणाऱ्या या व्हायरसचे नाव स्पुटनिक ठेवले गेले.