रंगीत पेन्सिलीने चित्र काढण्याआधी

आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून रंगीत पेन्सिलींचा डबा नेलेले बरेच ग्राहक काही दिवसांनी त्याच दोन-तीन तक्रारी घेऊन येतात. रंग चढत नाही, कागदाचे तंतू निघतात, वर पांढरा फिरवला तरी दिसत नाही. बहुतेक वेळा पेन्सिल चांगली असते, तयारी राहिलेली असते. या माध्यमात दाबून दिलेला रंग खोडरबराने पूर्ण निघत नाही आणि गडद रंगावर फिका रंग बसत नाही. त्यामुळे निम्मं चित्र पहिल्या रेघेआधीच ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, हे सांगण्यासाठी हे माहितीपत्रक.

कागद

पेन्सिलीचा रंग कागदाच्या बारीक खडबडीतपणात अडकून बसतो. अगदी गुळगुळीत कागदावर दोन-तीन थरांनंतर रंग घसरू लागतो, आणि फार दाणेदार कागदावर पांढरे ठिपके राहतात. हलका पोत असलेला, 200 ते 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. शाळेची ड्रॉइंग वही सरावाला ठीक आहे, पण सात-आठ थर तिला झेपत नाहीत.

आपल्याकडचा खरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की उघडा ठेवलेला कागद पापडासारखा सादळतो. त्याचा पृष्ठभाग मऊ पडतो, पेन्सिलीचं टोक आत रुततं आणि तंतू सुटतात. कागद सपाट ठेवा, गुंडाळी करू नका. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून तो कपाटात, भिंतीला न टेकवता ठेवा. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. काम करताना हाताखाली साधा कागद घ्या, घामाचा डाग पडलेल्या जागी रंग सारखा बसत नाही.

विषय आणि फोटो

समुद्रावर भर दुपारी काढलेल्या फोटोवरून चित्र करू नये असं आमचं ठाम मत आहे. सावल्या पायाशी गोळा होतात आणि सगळं सपाट दिसतं. सकाळचा किंवा चारनंतरचा तिरपा उजेड घ्या. एकाच जागेचे दोन फोटो काढा, एकदा मोबाईलच्या स्क्रीनवर आकाशाला बोट लावून, म्हणजे कॅमेरा तिथला उजेड धरतो, आणि एकदा सावलीला. पहिल्यात ढग मिळतील, दुसऱ्यात होडीच्या सावलीतले रंग. मग फोटो कृष्णधवल करून पाहा. तरीही होडी आणि पाणी वेगळं ओळखू येत असेल तर विषय चालेल. दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळत असतील तर कितीही रंग भरले तरी चित्र उठत नाही.

आकार आणि आखणी

पहिल्या चित्राला ए-5 पुरे. हे माध्यम सावकाशीचं आहे, मोठा कागद अर्ध्यावर राहतो. ए-4 घेणार असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. मोबाईलचा फोटो सहसा 4:3 मापाचा असतो, तर ए-4 हा 21 गुणिले 29.7 सेंटीमीटर. म्हणजे चित्र 21 गुणिले 28 होईल आणि 1.7 सेंटीमीटरची पट्टी उरेल, ती आधीच समासात धरा. फोटो 9 गुणिले 12 सेंटीमीटरचा छापून त्यावर दीड सेंटीमीटरचे चौकोन आखले आणि कागदावर साडेतीन सेंटीमीटरचे, तर दोन्हीकडे सहा गुणिले आठ चौकोन येतात आणि एकेक चौकोन पाहून रेखाटन मोठं करता येतं.

ही आखणी मात्र साध्या कागदावर करा, चांगल्या कागदावर नको. तयार रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या, त्याच्या मागे शिशाची मऊ पेन्सिल हलकी घासा आणि मग चांगल्या कागदावर उतरवा. कार्बन पेपर वापरू नका, त्याची रेघ पुसली जात नाही. उतरवलेल्या रेघा मळून घ्यायच्या मऊ रबराने टिपून जेमतेम दिसतील इतक्या फिक्या करा. रंगाखाली अडकलेलं शिसं पुढे निघत नाही, आणि पिवळ्या, गुलाबी छटा त्याने मळकट होतात.

पांढऱ्या जागा

लाटेचा फेस, पाण्यावरची चमक, होडीचा दोर या सगळ्या जागा कागदाच्याच पांढऱ्या रंगाने राखायच्या. त्या रेखाटनातच ठरवा. दोर किंवा जाळ्याच्या धाग्यासारख्या बारीक रेघांसाठी चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. कागदावर खाच पडते आणि वरून आडवी पेन्सिल फिरवली की खाच पांढरीच राहते. हे रंग भरायच्या आधीच करायचं, नंतर उपयोग नाही.

रंगांची पट्टी

त्याच कागदाचा तुकडा घेऊन रंग आणि त्यांचा क्रम तपासा. उदाहरणार्थ, पावसात भिजलेला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणाची भिंत. तपकिरी पेन्सिल घेऊन सगळा भरला तर तो विटांसारखा दिसतो. आधी फिका पिवळा ऑकर (मातकट पिवळा) सगळीकडे, अगदी हलक्या हाताने. त्यावर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), पण दगडाच्या भोकांची वरची उजळ कड सोडून. भोकांच्या आत काळा घालू नका, गडद निळा आणि तपकिरी एकावर एक द्या, ओल त्यातूनच दिसते. शेवाळाच्या हिरव्याखाली आधी किंचित लाल द्या, म्हणजे हिरवा भडक राहत नाही. जोर देऊन घोटायचं ते सगळ्यात शेवटी, कारण घोटलेल्या कागदावर पुढचा थर धरत नाही. मेणाच्या आधाराच्या रंगीत पेन्सिलीने जाड भरलेल्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी झाक येते. ती बुरशी नसते, मऊ फडक्याने हळूच पुसली की जाते.

चित्र भिंतीवर लावणार असाल तर पेन्सिलीवरची टिकाऊपणाची खूण पाहा. फाबर-कास्टेलच्या पॉलीक्रोमोस या तेलाच्या आधाराच्या 120 रंगांच्या संचात ती चांदण्यांनी दिलेली असते आणि तीन चांदण्या सर्वांत टिकाऊ. गुलाबी आणि जांभळ्या छटा उन्हात सगळ्यात आधी उडतात. खूण नसेल तर रंगाची पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवून बघा.

आमच्याकडे पेन्सिली सुट्ट्याही मिळतात आणि कागद एकेक ताव देतो. मोठा डबा घेण्याआधी तुमचा फोटो घेऊन या, काउंटरवर तुकड्यावर रंग लावून पाहा आणि लागतील तेवढ्याच पेन्सिली घ्या. पावसाळ्यात कागद नेताना प्लॅस्टिकची पिशवी आणि पुठ्ठा आम्ही देतो, वेगळे पैसे नाहीत.