टीनोफोरांचे ऐतिहासिक चित्रण

टीनोफोरा संघातील पारदर्शक सागरी प्राण्यांची, मुख्यतः सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत काढली गेलेली शास्त्रीय चित्रे. या प्राण्यांच्या अंगावर कंकतपट्टांच्या, म्हणजे फणीच्या दातांसारख्या जुळलेल्या पक्ष्माभिकांच्या (सूक्ष्म केसांसारख्या हलत्या तंतूंच्या), आठ रांगा असतात. ‘फणी धारण करणारे’ हा संघनामाचा अर्थ त्यावरूनच आला आहे.

सर्वांत जुने ज्ञात चित्रण सामान्यतः हँबर्गच्या फ्रीड्रिख मार्टेन्स यांचे मानले जाते. ते १६७१ मध्ये जहाजावरील शल्यवैद्य म्हणून उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन बेटाला गेले होते व त्यांचे सचित्र प्रवासवर्णन १६७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील आकृत्यांवरून जाती ठरवताना सावधगिरी बाळगावी, कारण त्या काळी या प्राण्यांचा स्वतंत्र गट कल्पिलेलाच नव्हता. तो निसर्गशास्त्रज्ञ एश्शोल्ट्स यांनी १८२९ मध्ये मांडला. रशियन नौदल अधिकारी ल्यूट्के यांच्या १८२६–२९ च्या जगप्रदक्षिणेतील निसर्गशास्त्रज्ञ कार्ल हाइन्रिख मेर्टेन्स यांनीही बेरोई (टीनोफोरांची एक प्रजाती) व तत्सदृश प्राण्यांवर लिहिले आहे. नामसादृश्यामुळे मार्टेन्स व मेर्टेन्स या दोघांची गल्लत होऊ नये.

हे प्राणी इतके नाजूक असतात की त्यांतील अनेक जाती जाळ्यात फाटतात व परिरक्षक द्रवात विरून जातात. त्यामुळे जिवंत प्राणी समोर ठेवून काढलेले चित्र येथे नमुन्याचीच जागा घेते, आणि या चित्रांच्या देखणेपणामागे हीच निकड आहे. सौंदर्य व अचूकता यांची येथे फारकत करता येत नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ शार्ल-आलेक्सांद्र लस्युअर हे स्वतः कुशल चित्रकार होते. १८१३ मध्ये त्यांनी वर्णिलेला सेस्टम व्हेनेरिस हा फितीसारखा प्राणी मीटरभरापेक्षाही लांब होऊ शकतो.

रंगांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कंकतपट्टांवर धावणारे इंद्रधनुषी रंग रंगद्रव्याचे नसून पट्ट हलताना प्रकाशाच्या होणाऱ्या विवर्तनाचे (सूक्ष्म रचनेवरून वळून रंगांत विभागण्याचे) असतात; अनेक जातींत अंधारात दिसणारी निळसर-हिरवी जीवदीप्ती ही त्याहून निराळी बाब होय. क्षणोक्षणी सरकणारा हा रंग स्थिर चित्रात एकाच क्षणापुरता पकडता येतो. म्हणून जुन्या चित्रातील छटा त्या जातीचा कायमचा वर्ण समजू नये. बेरोईच्या काही जातींत मात्र गुलाबी रंगद्रव्य खरोखरच असते.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल खून (Chun) यांचा नेपल्सच्या आखातातील टीनोफोरांवरील प्रबंध (१८८०) नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्राच्या ग्रंथमालेत प्रथम निघाला. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांच्या कुन्स्टफॉर्मेन देर नाटूर (‘निसर्गातील कलारूपे’, १८९९–१९०४) या ग्रंथातील सत्ताविसावे चित्रपत्र या प्राण्यांना वाहिलेले आहे. हेकेल यांच्या रेखाटनांवरून त्याचे शिलामुद्रण आडोल्फ गिल्च यांनी केले. लोकप्रियता हेकेल यांच्या चित्रपत्राला अधिक लाभली असली, तरी त्याची मांडणी सममितीच्या व सजावटीच्या ओढीने घडलेली आहे. शरीररचनेच्या अभ्यासासाठी कार्ल खून यांच्या प्रबंधाचा आधार घेणे अधिक श्रेयस्कर.