फाटलेला तारा आणि फिरणारं ब्लॅक होल: स्पिनचा मुद्दा आला कुठून

ब्लॅक होलजवळ गेलेला तारा फाटतो, अर्धा मलबा बाहेर फेकला जातो नि अर्धा परत येतो, हे काय नव्याने सांगायला नको. ७०-८० च्या दशकात हे कागदावर आलं, ९० च्या दशकात एक्सरेत असे भडके दिसले. फिरणाऱ्या ब्लॅक होलचं गणित १९६३ पासून हातात होतं, तरी सुरुवातीला बहुतेक हिशोबांत ब्लॅक होल न फिरणारंच, म्हणजे स्पिन (स्वतःभोवती फिरणं) शून्य, असं धरलेलं.

खरा राडा २०१५ चा. जूनमध्ये असॅसिन-१५एलएच नावाचा भडका आकाशात दिसला, जवळपास ३८० कोटी प्रकाशवर्षं लांब, ऐन भरात साधारण ५७० अब्ज सूर्यांएवढा उजेड. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालं, हा आजवरचा सगळ्यात तेजस्वी सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट. पण जागा बघा ना, गॅलेक्सीच्या मधोमध, आणि गॅलेक्सी म्हातारी, नवे तारे बनणं जवळजवळ बंद, असले सुपरनोव्हा सहसा तिथे होत नाहीत. वर्ष संपायच्या आत दुसरा गट म्हणाला की हा फाटलेला तारा आहे. अडचण अशी की तिथलं ब्लॅक होल १० कोटी सूर्यांहून जड, आणि एवढं जड ब्लॅक होल फिरत नसेल तर सूर्यासारखा तारा अख्खाच गिळला जातो, बाहेर काही दिसतच नाही. जोरात फिरत असेल तर मात्र योग्य बाजूने आलेला तारा हद्दीबाहेर (जिच्या आतून उजेडही सुटत नाही ती हद्द) फाटू शकतो. म्हणजे अख्खी केस स्पिनवर उभी. सुपरनोव्हावाले अजून पूर्ण हटलेले नाहीत, पण मला तरी त्यांचं म्हणणं ओढूनताणून वाटतं.

मलब्याचं म्हणाल तर फिरणारं ब्लॅक होल आजूबाजूचा अवकाशच ओढत नेतं, त्यामुळे तिरक्या आलेल्या मलब्याची पातळी प्रत्येक फेरीत थोडी वळते, मलब्याच्या धारेचं तोंड नि शेपूट एकमेकांवर आदळायचे ते चुकतात आणि डिस्क, म्हणजे ब्लॅक होलभोवती फिरणारी मलब्याची तबकडी, बनायला उशीर होतो. बनलीच तर ती भोवऱ्यासारखी डुगडुगते. २०२४ मध्ये छापून आलेल्या एटी२०२०ओसीएन या फाटलेल्या ताऱ्याच्या केसमध्ये दर १५ दिवसांनी एक्सरे कमीजास्त होत होते, त्यावरून स्पिन निघाला कमाल मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. २०२५ मध्ये एटी२०२०एएफएचडी या तशाच केसमध्ये साधारण २० दिवसांच्या तालात एक्सरे आणि रेडिओ दोन्ही हलताना सापडले, म्हणजे डिस्कबरोबर जेटही (ब्लॅक होलजवळून जोरात सुटणारा झोत) डोलत होता.