वादळाच्या पोटात कोण थांबणार? : उष्णकटिबंधातील सागरी अंदाजांची पार्श्वभूमी

समुद्रावरच्या हवामान अंदाजात एक पेच पहिल्यापासून आहे. इशारा मिळाला की शहाणा कप्तान जहाज वादळापासून दूर नेतो. जहाज वाचते, माणसे वाचतात. पण जिथल्या नोंदीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच जागा रिकामी होते. जमिनीवरची वेधशाळा वादळ आले म्हणून जागा सोडत नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या क्षेत्रात जे मोठे घडले, ते बहुतेक या रिकाम्या जागेशी झुंजतानाच घडले, असे मला वाटते.

सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती होत्या त्या फक्त वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी १८४०च्या दशकात अशा वह्या गोळा करून वाऱ्याच्या दिशा नकाशावर मांडल्या. त्यात ‘चार्ल्स हेडल’ नावाच्या गलबताची नोंद विलक्षण होती. १८४५च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे गलबत वादळात सापडले आणि वाऱ्यापुढे धावत राहिले. त्याचा मार्ग कागदावर उतरवल्यावर दिसले, की ते वादळाच्या केंद्राभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारत होते. वारा गोल फिरतो याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. पुढे याच पिडिंग्टन यांनी १८५३मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून कळवले, की कलकत्त्याजवळच्या मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळासोबत येणारी लाट ते बुडवेल. बंदर बांधले गेलेच. त्याचे नाव पोर्ट कॅनिंग. १८६७मध्ये वादळाच्या लाटेने ते उद्ध्वस्त केले. तोवर पिडिंग्टन हयात नव्हते.

उष्णकटिबंधात हवेचा दाब एरवी फारसा बदलत नाही. रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो किंचित चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा चढउतार एक-दोन मिलिबारांचाच (मिलिबार हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) असतो. म्हणून या पाण्यात दर्यावर्दींनी जपलेला नियम साधा आहे : त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा पारा तीन मिलिबार खाली दिसला तर सावध व्हा, पाच मिलिबार खाली गेला तर वादळ जवळ आहे असेच धरा. समशीतोष्ण प्रदेशात एवढ्या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. तिथे थंड आणि उष्ण हवेच्या सीमेवरून बराच अंदाज बांधता येतो. इथे तशी ठळक सीमाच नसते. सगळे बळ कोमट समुद्रातून उठणाऱ्या बाष्पातून येते. त्यामुळे उत्तरेकडच्या देशांत तयार झालेल्या पद्धती इथे तोकड्या पडत राहिल्या.

हवानाच्या बेलेन वेधशाळेतील जेझुइट धर्मगुरू बेनितो विन्येस यांनी वेगळी वाट धरली. आकाशात खूप उंचावर पसरणारे पिसांसारखे ढग कोणत्या बिंदूपासून फाकतात हे पाहून ते वादळाची दिशा सांगत. १८७५च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दिलेला इशारा खरा ठरला. क्यूबात अशी परंपरा उभी राहिली असताना १९००मध्ये अमेरिकी हवामान खात्याने क्यूबातून येणाऱ्या वादळाच्या तारांवर बंदी घातली होती. त्याच वर्षी क्यूबावरून गेलेले एक वादळ उत्तरेकडे वळेल हा त्या खात्याचा अंदाज. ते मेक्सिकोच्या आखातात पुढे सरकेल हा क्यूबातल्या अभ्यासकांचा. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनवर आदळले. किमान सहा हजार माणसे गेली.

बिनतारी संदेश आले तशी जहाजे भर समुद्रातून बातमी देऊ लागली. पण इशारे जसे सुधारले तशी जहाजे वादळापासून लांब राहू लागली, आणि मूळचा पेच आणखी घट्ट झाला. तो पहिल्यांदा सैल केला विमानाने. २७ जुलै १९४३ रोजी अमेरिकी वैमानिक जोसेफ डकवर्थ यांनी एक साधे प्रशिक्षण विमान गॅल्व्हेस्टनजवळच्या वादळात घातले आणि डोळ्यापर्यंत, म्हणजे वादळाच्या मधल्या शांत भागापर्यंत, नेऊन परत आणले. ते उतरल्यावर तळावरच्या हवामान अधिकाऱ्याने मलाही न्या म्हटले, आणि डकवर्थ त्याच दिवशी पुन्हा आत गेले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४४मध्ये, फिलिपिन्सच्या पूर्वेला अमेरिकी आरमार टायफूनमध्ये (पश्चिम पॅसिफिकमधल्या चक्रीवादळात) अडकले; तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० खलाशी मेले. यानंतर वादळात विमाने पाठवणे नेहमीचे काम झाले, पण ते मुख्यतः अटलांटिक आणि पश्चिम पॅसिफिकपुरते. हिंदी महासागराला असा पहारा लाभलाच नाही.

१९६०मध्ये टायरॉस-१ हा उपग्रह गेला आणि महासागर वरून दिसू लागला. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात ढगांच्या वळणांवरून आणि डोळ्याच्या ठसठशीतपणावरून वादळाचे बळ एक ते आठ अशा अंकांत मांडण्याची रीत बसवली. विमान जात नाही तिथे आजही मुख्य आधार तिचाच आहे. नोव्हेंबर १९७०चे भोला वादळ उपग्रहाने टिपले होते. तरी बंगालच्या उपसागराच्या किनारी किमान तीन लाख माणसे मेली, कारण धोक्याची खरी जाणीव बेटांवरच्या वस्तीपर्यंत पोहोचलीच नाही.

उपग्रहही फसतो. १९८२मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याने वातावरणात उंच सोडलेल्या सूक्ष्म कणांमुळे उपग्रहांना पॅसिफिकचे पाणी होते त्यापेक्षा थंड भासले, आणि त्या शतकातला एक प्रबळ एल निनो, म्हणजे विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, चांगला वाढेपर्यंत शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला नाही. हा चटका बसल्यावर विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये सुमारे ७० बोये, म्हणजे मोजमापाची उपकरणे असलेले तरंगते खांब, नांगरण्यात आले. ही साखळी १९९४मध्ये पूर्ण झाली. हिंदी महासागरातली साखळी त्यानंतरची. आता जोडीला पाण्यात दोन किलोमीटर खोल जाऊन वर येणारी ‘आर्गो’ ही तरंगती मोजणी-यंत्रे आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये तर सेलड्रोन ही मनुष्यविरहित नौका अटलांटिकमधल्या ‘सॅम’ वादळात मुद्दाम घालण्यात आली आणि पंधरा मीटर उंचीच्या लाटांमधून चित्रफीत पाठवत राहिली.

या सगळ्यामुळे वादळाचा मार्ग सांगणे खूपच सुधारले आहे. वादळ अचानक किती बळावेल हे सांगणे मात्र अजून अवघड आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळचे ‘ओटिस’ आदल्या दिवशीपर्यंत मध्यम वादळ म्हणूनच किनाऱ्यावर येईल असे वाटत होते. उपग्रहावरून त्याचे बळ कमी दिसत होते. २४ तारखेच्या दुपारी विमान आत शिरले तेव्हा खरा जोर कळला. मध्यरात्र उलटताच ते ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने अकापुल्कोवर धडकले. तयारीसाठी लोकांना अर्धा दिवसही मिळाला नाही.