फेअरलेडीच्या पोटात डिझेलचा क्रँक

योकोहामाच्या बंदरात, भर घालून तयार केलेल्या बेटावर दाइकोकु नावाचा एक्स्प्रेसवेचा पार्किंग तळ आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन तिथे जमतात. १९६९ साली आलेल्या निस्सान फेअरलेडी झेडचं (परदेशात डॅटसन २४०झेड) बॉनेट उघडलं की भोवती कोंडाळं होतंच. मॉडिफाय केलेली असेल तर नजर आधी कार्बोरेटरवर जाते: मूळच्या दोनऐवजी तीन, प्रत्येकाला दोन घसे (हवा आत जाण्याच्या नळ्या), म्हणजे सिलिंडरमागे एक.

घसा मध्येच आवळलेला असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल आपसूक ओढलं जातं. घसे मोठे असले की इंजिनाच्या कमी फेऱ्यांना हवा रेंगाळते, ओढ पुरत नाही. म्हणून अशी गाडी उभ्या जागी खोकत राहते आणि रेस दिली की सुरात येते.

पण खरी करामत खाली, डोळ्यांना न दिसणारी. पुढच्या काळातल्या झेडमधल्या एल२८ इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७९ मिमी. सहा सिलिंडरचे मिळून २७५३ सीसी. निस्सानच्याच सेड्रिकसारख्या भारदस्त सेडानमध्ये याच घराण्यातलं एलडी२८ हे डिझेल इंजिन असे. त्याच्या क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनची धाव गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचा, स्ट्रोक ८३ मिमी. तो क्रँक एल२८मध्ये आणायचा, बोअर ८९ मिमीपर्यंत वाढवायचा, पिस्टन नवे घालायचे, की झाले ३०९८ सीसी! स्पोर्ट्‌स कारला ताकद मिळावी ती डिझेल सेडानकडून, हे मला फार आवडतं.

फुकट मात्र काही नाही. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटरवरून (२४०झेडचा स्ट्रोक ७३.७ मिमी) १९ मीटरच्या पुढे जातो आणि प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा क्षणभर थांबतो. सरळ रांगेतल्या सहा पिस्टनचे हिसके एकमेकांना रद्द करतात, म्हणून हे इंजिन इतकं गुळगुळीत चालतं. पण लांब क्रँकला प्रत्येक स्फोटागणिक पीळ बसतो आणि सुटतो. ठरावीक फेऱ्यांवर हे पीळ क्रँकच्या नैसर्गिक कंपनाशी जुळले तर पोलादही तडकू शकतं. ते कंपन जिरवायला क्रँकच्या पुढच्या टोकाला, पुलीतच, रबराचं कडं असलेला डॅम्पर असतो. जुनं रबर कडक होतं, सुटतं. तेव्हा मालकाला कार्बोरेटरची किंमत नंतर विचारा, आधी डॅम्पर नवा आहे का ते विचारा.