पुढे आलेलं कपाळ नुसतं ‘घासून’ सपाट होतं का?

‘कपाळाचं हाड जाड असतं, मशीननं घासलं की अर्ध्या तासात कपाळ सपाट’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. बाहेरून कपाळ भरीव भासतं, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण भुवयांच्या वरचा उंचवटा बहुतेकांत पोकळ असतो. आत फ्रंटल सायनस ही हवेची पोकळी असते. तिची पुढची भिंत साधारण २ ते ४ मिमी जाड, आणि मागच्या भिंतीपलीकडे मेंदूचं आवरण. कपाळ ५ मिमी मागे न्यायचं आणि भिंत ३ मिमीची, म्हणजे घासता घासता सायनस उघडा पडणार. मग संसर्ग, किंवा निचऱ्याची वाट बुजून आत चिकट द्रव साठणं, हे धोके.

म्हणून आधी सीटी स्कॅन, १ मिमी किंवा त्याहून पातळ छेदांचा (छेद म्हणजे स्कॅनमधली थराथरांची चित्रं). बाजूने दिसणाऱ्या छेदात पुढच्या भिंतीची जाडी मोजतात. सायनस नसेल किंवा भिंत पुरेशी जाड असेल, तर घासणं चालतं (असेही लोक असतात). एरवी पुढची भिंत कापून काढतात, आकार देऊन आधीपेक्षा मागे बसवतात, टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी पक्की करतात. भुवईवरची संवेदना-नस जपावी लागते. तरी डोक्याच्या त्वचेला काही महिने बधिरपणा राहू शकतो.

पडताळायचं असेल तर डॉक्टरांना स्कॅनवर भिंतीच्या जाडीचा आकडा दाखवायला सांगा. स्कॅनशिवाय कोणी ‘घासू’ म्हणत असेल, तर थांबा. आणि कपाळ फक्त उंच असेल, तर प्रश्न केसांच्या रेषेचा, हाडाचा नाहीच.