सोन्यात पाडलेली अनवट नाणी : दुर्मिळता व मूल्य

चांदी, तांबे किंवा निकेलच्या नाण्यासाठी कोरलेल्या ठशांनी सोन्याच्या चकतीवर पाडलेली नाणी. काही भेट देण्यासाठी मुद्दाम पाडली गेली, काही नव्या नमुन्याची चाचणी म्हणून, तर काही टांकसाळीत भलतीच चकती ठशाखाली गेल्यामुळे. नाणे का पाडले, हा प्रश्न आधी सोडवावा. पुढचा बराच गुंता त्यातूनच सुटतो. जर्मन संस्थानांत व ऑस्ट्रियात थालर या चांदीच्या नाण्याच्या ठशांनी, डुकाट या सोन्याच्या नाण्याच्या पटीतली सोन्याची नाणी पाडत. चकतीची जाडी बदलली की त्याच ठशांतून ५ किंवा १० डुकाटांचे नाणे निघे, म्हणून येथे चित्रापेक्षा वजन जास्त बोलते. एक डुकाट सुमारे ३.४९ ग्रॅम.

मुलाम्याची शंका फेडायला साधा उपाय आहे. नाणे हवेत तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून पुन्हा तोलावे. १० डुकाटांचे नाणे पाण्यात सुमारे १.८ ग्रॅमने हलके भरते. तेवढ्याच वजनाचे मुलामा दिलेले चांदीचे नाणे जवळपास ३.४ ग्रॅमने. १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या सहा पेनीच्या चांदीच्या नाण्यांवर किंमत लिहिलेली नव्हती. लोकांनी त्यांना सोन्याचा मुलामा देऊन अर्धा सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्याच्या नावाखाली खपवली. आकार जवळजवळ सारखा, वजन मात्र ३.९९ ऐवजी २.८३ ग्रॅम.

सोने खरे ठरले तरी काळ ठरतोच असे नाही. जुने ठसे जपून ठेवून पुढे संग्राहकांसाठी नाणी पाडली जात. अशा रशियन नाण्यांना ‘नोवोदेल’ म्हणतात. गंजलेल्या ठशाचे खड्डे नाण्यावर बारीक उंचवटे होऊन उमटतात आणि ठशाला गेलेला तडा उठावाची रेघ होतो. भिंगाखाली ही रेघ दुसऱ्या प्रतीपेक्षा लांब दिसली, तर नाणे नंतरचे. जुन्या लिलाव-सूचींतली छायाचित्रे याच कामी येतात. त्यांवरून एकाच नाण्याची दोनदा झालेली मोजणीही पकडता येते. नाणी तपासून खरेपणाचा दाखला देणाऱ्या प्रमाणन संस्थांच्या आकड्यांत ती हमखास शिरते, कारण तेच नाणे पुन्हा तपासणीला येते.

टांकसाळीने किती पाडली, यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचे. अमेरिकेचे १९३३ चे २० डॉलरचे नाणे नेहमीचेच सोन्याचे चलन. ४,४५,५०० पाडली, पण बहुतेक सगळी वितळवली गेली. खाजगी मालकीस कायद्याने मान्य असलेले एकमेव नाणे २०२१ मध्ये सुमारे १.८९ कोटी डॉलरला विकले गेले. उलट, सॅकागाविया या अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्याच्या ठशांनी १९९९ मध्ये २२ कॅरट सोन्यात ३९ नाणी पाडली. १२ कोलंबिया या अवकाशयानातून अवकाशात जाऊन आली, उरलेली २७ वितळवली. ही १२ सरकारी ताब्यात आहेत, बाजारात आलेली नाहीत. त्यामुळे त्यांच्या दुर्मिळतेचा आकडा पक्का असूनही त्यांना बाजारभाव नाही.